मळभातला फोटो

कॅमेरा मी ओल्या फडक्यातून सोडवला आणि काउंटरमागच्या मुलानं कपाळाला हात लावला.

"हा काय गजरा आहे?"

"म्हणजे?"

"ओल्यात गुंडाळलाय, म्हणून विचारलं."

मला असा राग आला! आम्ही मखमलाबादची फुलं पिकवणारी माणसं. जपायची वस्तू ओल्या फडक्यात, सावलीत ठेवायची, एवढंच आम्हाला ठाऊक. शेवंती तशीच टिकते, गुलाबही तसाच टिकतो. पौषात नाना गेले, तेव्हा त्यांचा कॅमेरा मी त्याच मायेनं फुलांच्या खोलीत ठेवला. रोज फडकं भिजवत होते. श्रावणात उघडून बघितला, तर काचेवर पांढरी जाळी.

"बुरशी आहे," तो आता हळू बोलला. "कुणाचा कॅमेरा?"

"माझ्या वडिलांचा. ते... गेले."

बाहेर द्वारकेच्या चौकात ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि मला त्या परक्या दुकानात रडू फुटत होतं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. पाणी दिलं.

त्याचं नाव ज्ञानेश. दुकान त्याच्या मामाचं, पण जुने कॅमेरे खोलायचा तो हाच.

आठवड्यानं गेले, तर कॅमेरा पुसून तयार. उभ्या डब्यासारखा, समोर एकावर एक दोन काचा. वरची बघायची, खालची फोटो काढायची.

"वरची लख्ख झाली," ज्ञानेश म्हणाला. "खालची मात्र बुरशीनं खाल्लीय. डाग राहणार."

"म्हणजे वाया गेला?"

"छे! ऊन असलं की फोटो धुरकट येईल, एवढंच. ढगाळ दिवशी चालेल."

"मग आमच्याच घरी शोभेल," मी म्हणाले. नाना गेल्यापासून आमच्याकडे मळभच होतं.

तो उगाच हसला नाही. मला ते आवडलं.

रोल घालून बघायला हवा होता. भाद्रपदातलं भरलेलं आभाळ, दुकानामागचा बोळ... मला भिंतीशी उभं करून तो कॅमेरा पोटाशी धरून वाकला. या कॅमेऱ्यात वरून डोकवायचं असतं.

"उजवीकडे सरका."

मी सरकले.

"अहो, उजवीकडे!"

"उजवीकडेच सरकले ना!"

"हां... यात उलटं दिसतं. विसरलोच."

"वा! कारागीर म्हणे!"

"एरवी नाही विसरत..." तो मान खालीच ठेवून पुटपुटला.

किती महिन्यांनी मी खळखळून हसले! "काचेकडे बघा," तो म्हणाला. मी त्याच्याकडेच बघत राहिले. त्याची मान खाली, त्याला काय कळणार!

रोलमध्ये बाराच फोटो. मनात असतं तर एका दुपारी उरकले असते. आम्हाला महिना लागला. कधी ऊन पडायचं, तर कधी तो म्हणायचा, "उद्या ढग जास्त चांगले असतील." तोवर 'अहो'चं 'अगं' होऊन गेलं होतं.

फोटो धुऊन आले. कोपऱ्यात पांढरा धूर, आणि मध्ये मी. ही मीच का, असं वाटावं इतकी उजळलेली. आईनं फोटो उचलला.

"लय झ्याक आलाय गं, सुवर्णा. हाच धाडू घोटीला."

आमच्यात घरचं माणूस गेलं, की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात. नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आईला तीन वर्षांची भीती वाटत होती. तुळशीचं लग्न लागलं की माझं, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. स्थळ घोटीचं, तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, शेखर.

आणखी तीन प्रती आणायला मीच गेले.

"स्थळांना पाठवायच्यात," मी म्हणाले आणि थांबून राहिले. बोल ना रे काहीतरी... एक शब्द बोल.

ज्ञानेशनं निगेटिव्ह उजेडाकडे धरली.

"कोपऱ्यातला डाग कापून देतो," तो म्हणाला. "त्यांना दिसणार नाही."

घरी जाताना रिक्षात मी तोंडाला ओढणी लावून रडले.

शेखर आला. पोहे झाले, प्रश्न झाले. मग आम्हा दोघांना ओसरीवर बोलायला सोडलं. माणूस भला होता.

"राग मानू नका," तो म्हणाला. "त्या फोटोवरूनच मी यायला तयार झालो. पण त्यातले डोळे... आज तसे नाही दिसत."

"फोटो काढणारा समोर नाही ना," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"मग नकार मी कळवतो," तो उठत म्हणाला. "तुमच्यावर बोल येणार नाही."

पण आईला मी खरं काय ते सांगितलं. "तुझा बाप गेला, आता तू बी माझं ऐकत नाय," एवढंच बोलून ती फुलं निवडायला बसली. नंतर माझ्याशी बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी द्वारकेला कडक ऊन होतं.

"घोटीचं मोडलं," मी ज्ञानेशला म्हणाले. "आता वर्षाच्या आत काही व्हायचं नाही, म्हणजे तीन वर्षं माझं लग्न नाही. आई बोलत नाही. आणि... त्या दिवशी मी काचेकडे बघत नव्हते."

"माहीत आहे."

"कसं? तुझी मान तर खाली होती!"

"वरची काच साफ होती की गं. बाराही वेळा दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या घरी एवढं दुःख... त्यात माझं कुठे काढू, असं वाटलं."

मला त्याला मारावंसंही वाटलं आणि मिठीत शिरावंसंही वाटलं.

"तीन वर्षं थांबशील?" मी विचारलं.

त्यानं ड्रॉवर ओढला. माझ्या फोटोंच्या कडेचे कापलेले तीन तुकडे काउंटरवर ठेवले. त्यांत मी नव्हतेच. नुसता पांढरा धूर.

"हे सुद्धा टाकवलं नाही मला," ज्ञानेश म्हणाला. "आणि तू तीन वर्षांचं विचारतेस?"