सावडीचे रविवार

"त्यो दरवाजा सोडा. आधी मी धरलाय."

"धरलाय तुमी. पण बघितला आधी मी."

बारामतीत दत्तोबांच्या भंगाराच्या आवारात एका मेलेल्या पिकअपचा डावा दरवाजा एका बाजूने मी ओढत होते आणि दुसऱ्या बाजूने एक उंच, सावळा मुलगा. डिसेंबरची सकाळ होती, लोखंड हाताला झोंबत होतं. आमच्या गाडीचं मॉडेल इतकं जुनं, की नाव सांगितलं तरी स्पेअरपार्टवाले हसायचे. सगळं बारामती पालथं घातल्यावर कुठे एक दरवाजा सापडला होता... आणि तिथे हा बाबा हजर!

"तुमचीबी हीच गाडी हाय?" त्याने विचारलं.

"हीच."

"चालवतं कोण?"

"मी."

"आन् दुरुस्त कोण करतं?"

"मीच. आमच्याकडं फिटर ठेवलेला न्हाय."

त्याने चकित होऊन दरवाजा एकदम सोडला आणि मी दरवाजासकट मागे जाऊन टायरांच्या ढिगात बसले. तो हसला. मला राग आला, आणि राग आलेला असतानाच हसताना त्याच्या डाव्या गालाला पडलेली खळीही दिसली. त्याचा तर जास्तच राग आला.

दत्तोबा चहाचा पेला घेऊन आले. म्हणाले, "भांडताय कशाला? मी सुटं काय देतच न्हाय. न्यायची तर अख्खी गाडी न्या. दोघांत न्या की!"

आणि आम्ही खरंच दोघांत ती नेली. ट्रॅक्टरला बांधून लासुर्ण्याला, त्याच्या रोपवाटिकेत, कारण जागा त्याच्याकडे होती. ऋषिराज उसाची रोपं तयार करून गावोगावी पोचवायचा. मी पळसदेवची. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ धरल्यापासून धरणाच्या पाण्यातली मासळी भिगवणच्या बाजारात मीच नेत होते. दोघांच्याही गाड्या सारख्याच म्हाताऱ्या आणि सारख्याच हट्टी.

"मग सावड करा," अप्पा म्हणाले.

आमच्याकडे शेतात सावड चालते. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. ज्याचा दिवस घेतला त्याचा फेडायचाच. मध्ये भांडण झालं तरी फेडायचा, बोलणं बंद असलं तरी मुकाट्याने जाऊन फेडायचा. अप्पांनी तोच कायदा गाड्यांना लावला. एका रविवारी ऋषिराज पळसदेवला, पुढच्या रविवारी मी लासुर्ण्याला.

ज्यांनी कधी ब्रेकची हवा काढली नाही त्यांना सांगते, ते काम एकट्याने होत नाही. एकाने वर बसून पायाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली झोपून नटातून तेलाबरोबर हवा सोडायची.

"दाब... दाब... आता दाबून धर," तो गाडीखालून म्हणायचा.

"धरलंय."

"सोडू नको हां."

"न्हाय सोडत."

"मी सांगंपर्यंत सोडायचं न्हाय."

"तू सांगितल्यावर तरी सोडीन का, बघू," मी म्हणून गेले.

पान्याची खटखट थांबली. मला स्टिअरिंगमध्ये तोंड खुपसावंसं वाटलं.

"काय म्हणालीस?"

"काय न्हाय."

"ऐकलं मी," तो खालून म्हणाला. आणि मग बराच वेळ आम्ही दोघेही फक्त ब्रेकविषयी बोललो.

माझा स्वभाव मुळातच जळका आहे, हे इथेच सांगून टाकते. लहानपणी अप्पांनी शेजारच्या पोरीला खांद्यावर घेतलं, की मी ताटावरून उठायची. मोठी झाले तशी हे लपवायला शिकले, पण गेलं कुठेच नाही. त्यामुळे त्या शनिवारी जे झालं, ते दुसऱ्या एखादीला झालं असतं त्याच्या दुप्पट मला झालं.

चाकाचं बेअरिंग आणायला मी बारामतीला गेले होते. तिथल्या भिगवण चौकात पुढे ऋषिराजची गाडी उभी दिसली. मी हॉर्न वाजवणार, तेवढ्यात डावीकडची सीट दिसली. सीटवर एक मुलगी. मोकळे केस, डोळ्यांवर गॉगल, पांढरा स्वच्छ ड्रेस... आणि कोपर ऐटीत खिडकीबाहेर.

ती खिडकी! त्या खिडकीच्या काचेचं हँडल मी बसवलं होतं. मेलेल्या गाडीतून काढून, रॉकेलने धुऊन, ग्रीस लावून. माझ्या बोटाचं साल गेलं तेव्हा कुठे ती काच खालीवर व्हायला लागली. आणि त्यातून आता हिचं कोपर! बघता बघता तिने शेंगा सोलल्या आणि दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने तोंडात टाकले. गाडी चौकातून निघून गेली. माझ्या मागचे हॉर्न मारून मारून दमले, पण मला गिअर सापडेना.

दुसऱ्या दिवशी रविवार, त्याची पळसदेवला यायची पाळी. तो शीळ घालतच आला. पाण्यावरून गार वारा येत होता, अप्पा ओसरीवर जाळं विणत बसले होते. त्याने चौदाचा पाना मागितला, मी दहाचा दिला. त्याने स्क्रू ड्रायव्हर मागितला, मी हातोडा दिला.

"काय झालंय तुला आज?"

"काय व्हायचंय? काल बारामतीत व्हतास ना?"

"व्हतो की. तू बघितलंस? मग हाक मारायची!"

"कशाला? सीटवर जागा नव्हती."

"आगं ती व्हय... ती निकिता." त्याच्या चेहऱ्यावरचं कोडं एकदम सुटलं. "ती काय परकी न्हाय. माझ्या मामाची पोरगी हाय."

हे त्याने इतक्या निर्मळपणे सांगितलं, की जणू माझ्या कपाळावर थंड पाण्याची पट्टीच ठेवली! दुसऱ्या कुठल्या मुलखात या वाक्याने जिवाला बरं वाटत असेल. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. पाळण्यात असल्यापासून लोक चिडवतात, लग्नाच्या वयात आल्यावर कुणी विचारतही नाही, सगळे धरूनच चालतात. परकी असती तर निदान भांडता आलं असतं. ही तर घरातलीच निघाली.

"सोमेश्वरनगरला असतेत मामा. ती बारामतीला कॉलेजात हाय. शनिवारी माझी रोपं घेऊन तिकडं चक्कर असतीच, म्हणून—"

"म्हणून शेंगा सोलून चारती. कळलं. जॅक लाव."

तो संध्याकाळी जेवायला न थांबता गेला. मी त्याला थांब म्हटलंच नव्हतं.

आठवडाभर मी मासळीच्या पेट्या अशा काही आदळल्या, की बाजारातले लोक लांबून जायला लागले. मला ऋषिराज हवा होता. एवढी साधी गोष्ट, पण स्वतःशीही म्हणवत नव्हती. माझी गाडी आता ठणठणीत झाली होती. त्याची तेवढी रडतखडत चालली होती, दर वेळी काहीतरी नवीन निघायचं. तिचं एकदा उरकलं, की सावड संपली. मग कोण पळसदेवचं आणि कोण लासुर्ण्याचं! मग ती सीट कायमची निकिताची.

रविवारी सकाळी मी अंगावर पांघरूण ओढून पडले.

"मी जायची न्हाय, अप्पा."

"त्याचा दिवस घेतलाय आपण. फेडायला जा. राग परत आल्यावर कर."

म्हणून गेले. लासुर्ण्यात त्याच्या दारात गाडी बोनेट उघडं टाकून उभी होती. बाजूला रोपांचे हिरवे ट्रे, ओल्या मातीचा वास, आणि तो केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून तयार. गाडीखाली झोपायला कोण धुतलेला शर्ट घालतं? मला वाटलं, काम झालं की कुठेतरी जायचं असेल. कुणाला तरी घेऊन.

"गुरुवारपासनं सुरूच न्हाय बघ," तो म्हणाला. "सेल्फ फिरतोय, पण इंजन काय घेईना."

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. तिला मी काकू म्हणायची. काकूंनी कप बोनेटच्या कडेला ठेवले आणि म्हणाल्या, "कसली गुरुवारपासनं? काल निकिताला सोमेश्वरला सोडून आलास की. झ्याक पळत व्हती!"

एवढं बोलून त्या लगबगीने आत गेल्या. ऋषिराजचे कान लाल झाले.

रागात माझे हात फार भरभर चालतात. डिझेल बघितलं, येत होतं. फिल्टर बघितला, साफ. मग वाकून पंपाकडे हात घातला, तर पंपावरची वायर जागेवर नव्हती. उंदराने कुरतडलेली वायर मी ओळखते, घासून तुटलेलीही ओळखते. ही तुटलेली नव्हतीच. कुणीतरी हळूच उपसून, पाइपाच्या मागे नीट दडवून ठेवली होती. मी ती जागेवर दाबली, आत बसून किल्ली फिरवली. एका फटक्यात गाडी सुरू झाली.

बंद केली. खाली उतरले. पाना हातातच होता.

"काल निकिताला घेऊन सोमेश्वरला पळती, आन् आज मला बघून मरती व्हय रं ही?"

"व्हय."

"व्हय काय?"

"रविवारीच मरती." तो जमिनीकडे बघत होता. "मीच मारतो तिला."

"आन् ते कशापायी?"

"चालू गाडीला तू कशाला येशील?"

रोपांवरचं पाणी ठिबकत होतं, ते तेवढं ऐकू येत राहिलं.

"मागच्या टायमाला हीटर प्लग गेला व्हता, त्यो?"

"मीच काढला व्हता."

"आन् लाइट?"

"मीच."

"आन् हॉर्न?"

"हॉर्न खराच गेलता, आईशप्पत."

मला हसू येत होतं. पण जळका स्वभाव असा सहजासहजी हसू देतो होय? "मग निकिता?"

"आगं, ती मामाची—"

"परत म्हणून बघ तेवढं! हा पाना बघितलास का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू, डिझेल पाझरत यावं तसं, त्याच्या डोक्यात उजेड पडत गेला. "म्हणजे तुला... त्यामुळं... एवढे दिवस?"

"मलाच न्हाय, सगळ्या तालुक्याला वाटत असंल. मामांना काय वाटतं, ते सांग."

तो पुन्हा जमिनीकडे बघायला लागला. हे मला नको होतं. मग म्हणाला, "मामाच्या मनात हाय. त्यांनी कधी विचारलं न्हाय, मी कधी न्हाय म्हणलो न्हाय."

"मग न्हाय का म्हणला न्हाईस?"

"काय म्हणून सांगायचं? तू तर शेंगदाण्यावरनं भांडून मोकळी झालीस. माझ्याबद्दल तुझ्या मनात काय हाय, मला काय ठाऊक?"

त्याचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला आणखी राग आला. त्या रागातच बोलून टाकलं. नाहीतर माझ्याने ते जन्मात झालं नसतं.

"मग ऐक. मला तू पाहिजेस. सावडीत न्हाय, फेडायला न्हाय... तसाच. कायमचा. आन् दुसरी कोण तुला शेंगा सोलून देती, ते मला बघवत न्हाय."

गालाला खळी पडली. पण तो हसला नाही. धुतलेल्या शर्टालाच हात पुसले, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर नंबर लावून स्पीकरवर टाकला.

"मामा, ऋषिराज बोलतोय. निकितासाठी... निकितासाठी तुमी माझी वाट बघू नका."

पलीकडून जड आवाज आला, "कोण हाय ती?"

ऋषिराजने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. इतक्या दिवसांत बंद पडलेली गाडी त्याने कितीदा सुरू केली असेल, पण आता स्वतःचाच आवाज त्याला सुरू करता येईना. मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"मामा, मी उत्कर्षा. पळसदेवच्या अप्पांची पोरगी."

"हां. बोला."

"निकिताला दर शनिवारी घरी यायचं असतं ना? हितनं पुढं बारामतीतनं तिला मी आणून सोडीन. माझ्या गाडीतनं."

"मासळीच्या गाडीतनं?"

"धुऊन आणीन. पण ऋषिराजच्या गाडीत आता तिला बसू द्यायची न्हाय मी."

बोलून गेले आणि मग मी बंपरवर टेकले. ऋषिराज शेजारी येऊन टेकला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि आम्ही दोघे त्या फोनकडे बघत राहिलो.

मामांनी घसा खाकरला.

"ऋष्या, पोरगी लई जहाल हाय रं," ते म्हणाले. "तुझ्या आईकडं फोन दे."

काकू दारातच उभ्या होत्या, पदराला हात पुसत, कधीच्या.