पावणेसख्ख्यांचा जिना

कोल्हापूरच्या दृश्यानुकूलन प्रयोगशाळेत शुक्रवारी सकाळी सर्जेराव इंगवले प्रेक्षकांची पत्रं मोठ्यानं वाचत होते आणि मध्येच थांबून हसत होते.

“ऐका मॅडम. गडहिंग्लजच्या या बाई लिहितात, ‘पावणेसख्खे’मधला मल्हार म्हणजे सोन्यासारखं पोरगं, असा सावत्र भाऊ प्रत्येकाला मिळो. आणि हे लातूरचे निवृत्त मुख्याध्यापक. मल्हार कपटी आहे, धाकट्या चिकूला गोड बोलून राबवून घेतो, मालिका बंद करा. दोघांनी एकाच दिवशी एकच भाग बघितलाय की.”

“एकच कुठं?” डॉ. प्रज्ञा मगदूम म्हणाली. “नाव एक. भाग वेगळे.”

मल्हारच्या वडिलांनी चिकूच्या आईशी लग्न केलेलं, दोन्ही पोरांना एकच खोली, आणि त्यातून रोज बावीस मिनिटांचा हशा, एवढीच ती मालिका. वाहिनीनं अकरा हजार पत्रं पाठवून विचारलं होतं की लोकांची मतं इतकी दोन टोकांना का जातात. इंगवले नजरमापक बनवणारे. पडद्यामागचं गणित बघायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

“तुमचा नजरमापक पडद्याच्या चौकटीत बसतो,” प्रज्ञा सांगू लागली. “माणूस कुठं बघतोय ते तो कळवतो, आणि त्या क्षणी त्याला किती बरं वाटतंय तेही. डोळ्यांच्या कडा, श्वास, गालांचा रंग यांवरून काढलेला तो आनंदांक. पुढचा नियम माझा. आनंदांक सगळ्यांत वर असताना पडद्यावर जे असेल ते उद्या वाढवायचं आणि त्याला जागा करण्यासाठी बाकीचं कमी करायचं. बाईंना मल्हार हसला की बरं वाटतं, म्हणून त्यांच्या घरी तो हसतच असतो. मुख्याध्यापकांचा जन्म पोरांच्या चोऱ्या पकडण्यात गेला. त्यांच्या घरी मल्हार रोज काहीतरी लपवतो.”

“म्हणजे भांडण मल्हारवरून नाहीच. ज्याचा त्याचा मल्हार वेगळा.” इंगवल्यांनी पत्रांचा गठ्ठा नीट केला. “आणि एका पडद्यासमोर दोघं असले तर?”

“दोघांच्या आनंदांकांची बेरीज.”

“मग तिथं तरी मतं जुळायला पाहिजेत. दोघांना दिसणार एकच.”

एका पडद्यासमोरही मतं जुळत नाहीत, हे प्रज्ञाला दोन महिने स्वतःच्या घरात रोज संध्याकाळी ऐकू येत होतं.

तिचा श्रेणिक तेरा वर्षांचा. तिच्या नवऱ्याचा, वर्धमानचा, अभिनंदन पंधराचा. श्रेणिकचे वडील आणि अभिनंदनची आई एका वर्षाच्या अंतरानं गेले होते. प्रज्ञा आणि वर्धमान यांच्या लग्नाला आता आठ महिने होत आले होते. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणं होत. मग प्रज्ञा आतल्या खोलीत सामायिकाला, जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसे. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, उठायचं नाही, बोलायचं नाही. बाहेर पोरं ‘पावणेसख्खे’ लावत. वर्धमान दुकानातून आठनंतर येई. प्रज्ञाच्या सामायिकात व्यत्यय नको म्हणून मालिकेचा आवाज पोरांनी आपणहून कानातल्या गुंड्यांवर घेतला होता. त्यामुळे भिंतीपलीकडून तिला ऐकू येई ते फक्त पोरांचं हसणं, आणि हसण्यामागून येणारं भांडण.

परवाचं तर शब्दन्‌शब्द ऐकू आलं होतं.

“चिकूनं फोडलं आणि बोलणी मल्हारनं खाल्ली,” श्रेणिक तावातावानं म्हणत होता. “मला नाही पटलं. चिकूनं सांगून टाकायला पाहिजे होतं.”

“काही सांगायची गरज नाही. मल्हारला पचतात बोलणी.”

“का पचवायची त्यानं? मक्ता घेतलाय?”

“तू गप ए. चिकू लहान आहे.”

“लहान आहे म्हणून काय, जीभ नाही त्याला?”

त्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला होता. बहुधा उशी.

“हे रोजचं झालं म्हणतेस,” वर्धमाननं त्या रात्री सांगलीच्या वसतिगृहाचा अर्ज टेबलावर ठेवला होता. “एका मालिकेवरून एवढं भांडतात. अभिनंदन मोठा आहे, त्यानं समजून घ्यायला नको? आणि ते तुझं वाळूचं घड्याळसुद्धा त्यानंच फोडलं. मी बोललो तर मान खाली घालून उभा. दोघं जरा लांब राहिली तर गोडी राहील. तो स्वतःच म्हणतो, जातो म्हणून.”

घड्याळ तिच्या आईचं होतं. वाळू संपली की अठ्ठेचाळीस मिनिटं पुरी. फुटलं त्याला दोन महिने झाले होते, आणि ती अभिनंदनला एका शब्दानं बोलली नव्हती. तिच्या मनात वेगळीच भीती होती. श्रेणिक खळखळून हसणारा, अभिनंदन ओठांतल्या ओठांत. बेरजेत मोठा आकडा श्रेणिकचा येणार. तिच्याच नियमानं तिच्या घरचा पडदा तिच्या मुलाच्या बाजूचा झाला असेल तर? दुसरीच्या लेकराला तिचं गणितच घराबाहेर काढत असेल तर? अर्जाची मुदत उद्या संपत होती.

“इंगवले, एका घराचे भाग काढून द्याल? मगदूम, राजारामपुरी.”

इंगवल्यांनी चष्मा वर केला. “कुटुंबाची परवानगी लागते.”

“कुटुंब समोर बसलंय.”

त्यांनी कागद पुढं केला. तिनं सही केली.

एकशे चाळीस भागांची यादी उघडली. पहिल्या महिन्यात भाग माणसांनी भरलेले होते. दुसऱ्या महिन्यात बावीसपैकी चौदा मिनिटंच कुणीतरी बोलत होतं. तिसऱ्याच्या सुरुवातीला सहा मिनिटं. इंगवल्यांनी कालचा भाग लावला.

पडद्यावर एक जिना होता. पिवळा दिवा, पायरीवर एक चप्पल. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, आवाजही नव्हता. बावीस मिनिटं तोच जिना.

“बिघडलंय,” इंगवले म्हणाले. परवाचा भाग लावला. जिना. आदल्या आठवड्यातला. जिनाच. “चौसष्ट दिवस झाले मॅडम. तक्रार कशी नाही केली पोरांनी?”

“नजरमापक तपासा.”

त्यांनी मापकाच्या नोंदी इथूनच आडव्या-उभ्या तपासल्या. मापक त्यांनीच बनवलेला, त्यामुळे जरा जास्तच कसोशीनं. “ठणठणीत आहे.”

“मग आनंदांक कुठं वर गेलाय ते काढा. अगदी पहिल्या दिवसापासून.”

दोन चेहऱ्यांच्या दोन रेघा पडद्यावर आल्या. विनोद झाला की दोन्ही रेघा थोड्या चढत. त्यानंतर दीड सेकंदानं खूप वर जात. त्या उंचीवर नजरमापकानं नोंद केली होती, नजर पडद्याबाहेर. डावा चेहरा उजवीकडे वळलेला, उजवा डावीकडे.

इंगवल्यांनी आधी ओळखलं. “एकमेकांकडं बघतायत. दुसरा हसला का ते बघायला. आम्ही भाऊ पण असंच करायचो.”

“आणि त्या दीड सेकंदात पडद्यावर काय असतं?”

“प्रत्येक विनोदानंतर रिकामा जिना दाखवायची पद्धत आहे त्यांची. लोकांना हसून घ्यायला.”

प्रज्ञानं खुर्चीच्या पाठीला मान टेकवली. यंत्र चुकलं नव्हतं. आनंद सर्वांत वर असताना पडद्यावर जिना होता, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी थोडा जास्त जिना दिला. त्यामुळे पोरांना एकमेकांकडे बघायला जास्त वेळ मिळाला. आनंद आणखी वर गेला. रोज थोडा जिना वाढला आणि थोडा मल्हार, थोडा चिकू कमी झाला. शेवटी दोघंही उरले नाहीत.

“मग मला सांगा,” इंगवले सावकाश म्हणाले, “दिसत नाही काही, ऐकू येत नाही काही. ही पोरं रोज भांडतात कशावरनं?”

तिच्या हातातला पेन तसाच राहिला. “मूळ कथेत बघा. चिकूच्या हातून काही फुटतं का? काच वगैरे?”

शोध संपायला मिनिटभर लागलं. “एकशे चाळीस भागांत काही फुटत नाही मॅडम. निर्माते काचेचा पेलासुद्धा प्लॅस्टिकचा आणतात.”

तिला श्रेणिकचा आवाज आठवला. चिकूनं सांगून टाकायला पाहिजे होतं. आणि अभिनंदनचा. चिकू लहान आहे. दोन महिने ती भिंतीपलीकडून फक्त आवाजांचा चढउतार ऐकत होती. परवाचे शब्द कानावर पडूनही, कोण कुणाची बाजू घेतंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मोठा रोज धाकट्याची वकिली करत होता, धाकटा मोठ्याची. आणि फुटलं होतं ते मालिकेतलं काही नाही, तिच्या आईचं घड्याळ.

“दुरुस्त करू?” इंगवल्यांनी विचारलं. “मूळ भाग परत लावता येतील.”

“राहू दे.”

दुपारी तिनं वर्धमानला फोन केला. सगळं ऐकेपर्यंत त्यानं गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. दुकानात तराजूचा आवाज येत होता.

“मी त्याला दोनदा बोललो गं घड्याळावरून,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा त्यानं ऐकून घेतलं.” मग थोड्या वेळानं, “अर्ज आहे तिथंच आहे. तू काय करशील ते कर.”

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर प्रज्ञानं सामायिक मालिकेनंतर करायचं ठरवलं आणि ती बाहेरच्या खोलीत येऊन दोघांच्या मध्ये बसली. पोरांनी चटकन एकमेकांकडे पाहिलं. पडद्यावर जिना होता, पिवळा दिवा, एक चप्पल.

“मावशी, आत्ताच संपला भाग,” अभिनंदन म्हणाला.

“संपतो सव्वासातला. वेळ आहे अजून.”

“आज लवकर संपला.”

“बरं. मग काय झालं आज?”

श्रेणिक उशीचा कोपरा पिळत होता. “मल्हार वसतिगृहात जाणार असतो,” तो शेवटी म्हणाला.

“चिकूला खोली मिळेल आख्खी,” अभिनंदन म्हणाला.

“नकोय त्याला आख्खी.”

“घोरतो म्हणतोस ना मल्हार?”

“घोरू दे की.”

“आणि आई?” प्रज्ञानं विचारलं. “आई काय करते त्यांची?”

अभिनंदननं कानातली गुंडी काढून तळहातावर घेतली.

“तिला माहीत असतं घड्याळ कुणी फोडलं ते,” ती म्हणाली. “आणि कुणी अंगावर घेतलं तेही. तिला कळायला जरा उशीर झाला. अर्ज तिनं तांदळाच्या डब्याखाली घातलाय, डबा डुगडुगत होता म्हणून.”

श्रेणिक रडू फुटायच्या बेताला आला. “मावशी, त्याला ओरडू नका,” अभिनंदन घाईनं म्हणाला, “वाळू बघायला घेतलं होतं त्यानं, मुद्दाम नाही.” आणि मग तिला हसू आलं, ते बघून श्रेणिकला, आणि श्रेणिक हसतोय का ते बघून अभिनंदनला.

चौकटीतल्या नजरमापकानं तीन चेहरे मोजले. भाग संपून पडदा केव्हाच काळा झाला होता, आणि एकही नजर त्याच्याकडे नव्हती. यंत्रानं नियमाप्रमाणे बेरीज केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘पावणेसख्खे’ची वेळ झाली तेव्हा मगदूमांच्या घरी जिनाही नव्हता. पडदा बावीस मिनिटं काळा राहिला, आणि पोरं त्याच्यासमोर येऊन बसली.