पट्ट्यापट्ट्यांचा धबधबा

वायरचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

"मी आधी पाहिली," मी म्हणाले.

"मी आधी धरली," तो म्हणाला.

दुकानदारकाकांनी काउंटरवर कोपरं टेकली आणि ते मजा बघू लागले. जुने टीव्ही, जुने रेडिओ, जुने व्हिडिओ गेम असल्या मालाचं त्यांचं दुकान. दिवसभरात एखादं गिऱ्हाईक फिरकलं तरी नशीब म्हणायचं, आणि इथे तर एका वायरला दोन गिऱ्हाइकं लोंबकळत होती!

"एकच उरलीय हां," काका म्हणाले. "आता असल्या वायरी कुणी बनवत नाही."

पिवळ्या पिनची साधी वायर ती, जुना व्हिडिओ गेम जुन्या टीव्हीला जोडायची. मी सोडायला तयार नव्हते आणि तोही नव्हता. बाहेरच्या भुरभुर पावसानं त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते. ते पुसायचे तर हात मोकळा करावा लागणार, म्हणून हा पठ्ठ्या डोळे बारीक करून तसाच उभा! मला हसू आवरेना.

"चष्मा पुसून घ्या. तोवर नाही पळवत."

"शपथ?"

"शपथबिपथ काही नाही. विश्वास ठेवा, नाहीतर आंधळे राहा."

त्यानं विश्वास ठेवला. चष्म्याविना त्याचे डोळे अगदीच भाबडे दिसत होते... पण ते असो.

"एवढी कशाला हवीय तुम्हाला?" मी विचारलं.

"वाईट चित्र कसं दिसतं ते दाखवायला."

"म्हणजे?"

"खेळांच्या संग्रहालयात नवं दालन उघडतंय. या व्हिडिओ गेमच्या मशीनची तीन मॉडेलं निघाली होती. पहिलं हे जाडं काळं, चित्र सगळं पाघळलेलं. दुसरं जरा बरं. आणि तिसरं आत्ताचं, सपाट टीव्हीला लागणारं. त्यात एकेक ठिपका मोजून घ्या! मला तिन्ही शेजारी शेजारी लावायचीत. दालनात कुठले गेम लागणार, ते माझ्या अहवालावर ठरणार."

"बापरे. मोठेच आहात की!"

"उंचीनं?"

"बोलण्यानं."

तो खळखळून हसला. मग म्हणाला, "आणि तुम्हाला कशाला हवी?"

"आमची तुटली. आत्याला लागते. ती पाणमांजराचा गेम लावते, पाणमांजराला धबधब्यापाशी नेऊन उभं करते आणि समोर बसून स्वेटर विणते."

"पाणमांजर!" तो एकदम खुलला. "तो पट्ट्यांचा धबधबा? अहो, कालच काट मारली त्याच्यावर! तिसऱ्या मॉडेलवर बघा एकदा. पाणी कसलं, नुसते खिडकीचे गज! काढणाऱ्यानं कंटाळा केलाय निव्वळ."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"काढणाऱ्यानं नाही, काढणारीनं," मी म्हणाले. "माझी आत्या आहे ती."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी... म्हणजे... मला माहीत नव्हतं..."

"ठेवा ती वायर तुम्हालाच. वाईट चित्र दाखवायला लागेल ना!"

आणि मी तरातरा बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की आपण रुबाब तर दाखवला, पण जे आणायला आलो होतो तेच देऊन बसलो! माझा राग हा असा आहे. आधी बोलतो, मग मला विचारतो.

आत्यानं दार उघडताच माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"दुकान बंद होतं," मी थाप मारली.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

शिकायला म्हणून मी आत्याकडे राहायला आले आणि मग नोकरी लागली तरी इथेच राहिले. तरुणपणी ती एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमची चित्रं काढायची. कंपनी बुडाली, मग तिनं आयुष्यभर शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. त्या पहिल्या नोकरीतली पाणमांजराची कॅसेट तेवढी तिच्यापाशी उरली. संग्रहालयाच्या नव्या दालनाची बातमी आली, त्या दिवशी भांडी घासता घासता, पाठमोरी राहून तिनं विचारलं होतं, "आपला धबधबा लावतील का गं?" एकदाच विचारलं, परत विषय काढला नाही. तिला काही फार मनापासून हवं असलं की ती असंच करते.

आणि त्या धबधब्यावर काट मारणारा माणूस मला आवडता आवडता राहिला होता. त्या रात्री मला त्याचा राग येत होता की स्वतःचा, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात हजर! म्हणजे मी जिथे डोळे तपासते त्या चष्म्याच्या दुकानात. दुकानदारकाकांचा चष्मा आमच्याकडचाच, तेव्हा पत्ता त्यांनीच सांगितला हे उघडच होतं. चारचौघांसारखा रांगेत बसला, नंबर आल्यावर खुर्चीत येऊन बसला आणि समोरच्या तक्त्याकडे बघू लागला.

"वरून तिसरी ओळ वाचा," मी कोरडेपणानं म्हणाले.

"मा... फ... क... रा."

"तिथे असं काही लिहिलेलं नाही."

"मला तर स्पष्ट दिसतंय."

"मग नजर फारच बिघडलीय. चौथी वाचा."

"ती जरा लांबलचक आहे. 'काल मी मूर्खासारखं बोललो, ही वायर घ्या, आणि मला तुमच्या आत्यांना भेटू द्या.'" त्यानं खिशातून वायर काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी भिंगं पुसत बसले. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"अहवाल दिलात?"

"अजून नाही. सोमवारी द्यायचाय." "तुमच्यासाठी खोटं लिहिणार नाही मी. पण एकदा नीट बघायचंय. त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर."

खोटं लिहीन म्हणाला असता, तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आत्याला भीक नको होती. तिला तिची जागा हवी होती.

"रविवारी दुपारी या," मी म्हणाले. "आणि आत्यासमोर खिडकीच्या गजांचं नाव काढलंत, तर नंबर वाढवून देईन."

रविवारी तो आला तो घामाघूम होऊन. एका हातात चकचकीत तिसरं मॉडेल, दुसऱ्या काखेत नवाकोरा सपाट टीव्ही!

"आत्या, आता तुम्हाला तुमचं काम एकदम स्वच्छ दिसेल," तो उत्साहानं म्हणाला. भल्या माणसाला वाटलं, आपण भेट घेऊन आलोय. मला थांबवता येईतो त्यानं सगळं जोडलंसुद्धा.

आत्यानं कॅसेटवर फुंकर मारली आणि ती त्याच्या हातात दिली. पाणमांजर उड्या मारत निघालं. रंग असे लख्ख, की त्याच्या मिशांचे केस मोजता यावेत. पूल ओलांडला, टेकडी ओलांडली आणि धबधबा आला.

उभे निळे पट्टे होते. एक पट्टा निळा, एक मोकळा, एक निळा, एक मोकळा. पाण्याचा पत्ताच नव्हता.

आत्याच्या सुया थांबल्या. ती पुढे झुकली, मग मागे टेकली.

"हे माझं नाही," ती हळूच म्हणाली. "असं नव्हतं हे... की असंच होतं? इतकी वर्षं मीच चुकीचं बघत होते का रे?"

त्याची मान खाली गेली. आत्या चहा टाकायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली, पण भांड्याचा आवाज काही आला नाही.

"झालं समाधान?" मी त्याच्यावर उखडले.

"मला त्यांना खूश करायचं होतं..."

"तिच्याच डोळ्यांना खोटं ठरवून?"

पण बोलता बोलता माझं लक्ष त्या पट्ट्यांकडे गेलं, आणि माझ्यातली चष्मेवाली जागी झाली. दिवसभर मी हेच तर बघते! नजर कच्ची असली की शेजारशेजारच्या दोन रेघा माणसाला वेगळ्या दिसत नाहीत, एकीचा रंग दुसरीत उतरतो. निळा, मोकळा, निळा, मोकळा...

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हातांनी अलगद त्याचा चष्मा काढला. तो श्वास रोखून बसला. इतक्या जवळून त्याच्या पापण्या दिसत होत्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि माझ्याही झाल्या असणार.

"माझ्याकडे नका बघू," मी म्हणाले. "तिकडे बघा."

त्यानं टीव्हीकडे पाहिलं, आणि बघतच राहिला.

"पाणी," तो पुटपुटला. "अहो... पाणी पडतंय! आणि पाण्याच्या मागे... मागे ते पाणमांजर दिसतंय, अंधूक!"

"आत्या!" मी ओरडले. "ये, लवकर ये!"

मग आमची धांदल उडाली. आत्याचं जाडं काळं मॉडेल, पिवळ्या पिनची वायर, कोपऱ्यातला जुना डबा टीव्ही. त्यानं टीव्ही पुढे ओढला, मी वायर खोचली, आत्यानं कॅसेट घातली. चित्र आलं, थोडं थरथरलं आणि स्थिर झालं. टेकडीवरून निळसर, पारदर्शक पाणी कोसळत होतं. ह्या वेळी त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, आणि तरीही पाणीच होतं.

"अगं, पट्टे मीच काढले होते!" आत्या एकदम कपाळावर हात मारून हसायला लागली. "मुद्दाम! आरपार दिसणारा रंग त्या मशीनमध्ये नव्हताच. पण टीव्हीवर दोन रंग शेजारी ठेवले की एकमेकांत मिसळायचे. साहेब म्हणायचे, जाड निळा रंग फासून मोकळी हो. मी म्हटलं, नाही, मला पाण्यातून पलीकडचं दिसायला हवंय. विसरूनच गेले होते बघ... पाणी दिसत होतं ना रोज, मग पट्टे कशाला आठवतील?"

तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. आळीपाळीनं दोन्ही टीव्हींकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की माझा उरलासुरला रागही गेला.

"मी चित्र किती स्वच्छ आहे तेच मोजत बसलो," तो म्हणाला. "धबधबा पडतोय की नाही, हे बघितलंच नाही. आत्या, सोमवारी मी नवा अहवाल देतोय."

संग्रहालयाच्या संचालिकाबाईंना ते मुळीच पटलं नाही. नव्या दालनात डबा टीव्ही? लोक हसतील! ह्यानं आठवडाभर त्यांचा पिच्छा सोडला नाही. रोज संध्याकाळी माझ्या दुकानापाशी येऊन तो मला लढाईची खबर द्यायचा, आणि मग आम्ही उगीचच लांबच्या रस्त्यानं घरी जायचो. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या: उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही टीव्ही मांडा. लोक कुठे थांबतात ते मी बघेन, आणि मग ठरवेन.

उद्घाटनाला आत्यानं ठेवणीतली साडी नेसली आणि वाटेत तीनदा पदर सारखा केला. मी तिचा हात धरून ठेवला होता.

दालनात मधोमध दोन टीव्ही होते. डावीकडे सपाट, त्याला तिसरं मॉडेल. उजवीकडे डबा, त्याला आमच्याच वायरनं जोडलेलं पहिलं. दोन्हींवर तेच पाणमांजर, तीच टेकडी. आणि त्यांच्यासमोर तो उभा होता, सगळ्या पाहुण्यांकडे तोंड करून.

"हा गेम मी नापास केला होता," तो म्हणाला. त्यानं नजर चोरली नाही. "डावीकडचं चित्र बघून मी म्हणालो होतो, काढणाऱ्यानं कंटाळा केलाय. ती माझी चूक होती. आता तुम्ही उजवीकडे बघा."

लोक सरकले. आधी दोघंतिघं, मग घोळका. कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं. एक बाई डावीकडे गेल्या, उजवीकडे आल्या, पुन्हा डावीकडे गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पट्ट्यांचं पाणी झालंय हो!" मागचे पुढे यायला धडपडू लागले. सपाट टीव्हीसमोर कुणी उरलंच नाही. संचालिकाबाई टाचा उंचावून त्या गर्दीत डोकावत होत्या. वाट काढत त्या पुढे गेल्या, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या आणि मग वळून म्हणाल्या, "हा टीव्ही इथून हलणार नाही. आणि ज्यांनी हे काढलं त्यांचं पूर्ण नाव इथे खाली लागलं पाहिजे. कुठे आहेत त्या?"

"ह्या इथे!" मी ओरडले. आत्याचा हात मीच वर केला.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हात काढले आणि ताठ मानेनं सरळ आपल्या धबधब्यापाशी जाऊन उभी राहिली. शाळेतल्या नोकरीत, घरात, कुठेही मी तिला इतकी उंच पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि आले तर आले!

गर्दीतून तो माझ्याकडे आला. केस विस्कटलेले, कॉलर एका बाजूला वळलेली.

"जिंकलो," तो म्हणाला.

इतक्या लोकांसमोर 'माझी चूक होती' म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. माझं बोलणं नेहमीप्रमाणे माझ्या आधी बाहेर पडलं.

"तू मला आवडतोस."

तो थबकला. "हे... हे मी बोलणार होतो. आज. तयारी करून आलो होतो!"

"मग बोल की. मी कुठे अडवलंय?"

"तू मला..." तो इकडेतिकडे बघू लागला, आवाज अगदी खाली गेला. "तू मला फार..."

"अरे, मोठ्यानं बोल!" धबधब्यापासून आत्याचा खणखणीत आवाज आला. "इथे पाण्याचा आवाज आहे, काही ऐकू येत नाही!"

सगळं दालन वळलं. लोक हसत होते, संचालिकाबाईसुद्धा हसत होत्या. त्यानं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि छाती भरून श्वास घेतला.

"मला ही आवडते!" तो ओरडला. "फार आवडते!"

पुन्हा टाळ्या झाल्या. मी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला, आणि आम्ही दोघं आत्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.