पत्र्याची ॲम्ब्युलन्स

वडीगोद्रीच्या सिराजोद्दीनने जुनी पत्र्याची गाडी न्या म्हणून स्वतःहून फोन केला, तेव्हा भागवत दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून निघाला. परतूरला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि जीव सगळा जुन्या खेळण्यांत. खेळणी तरी कसली, तर फौजी गाड्या. पत्र्याचे रणगाडे, जीपा, टपावर ताडपत्री असलेले ट्रक. बैठकीतल्या काचेच्या कपाटात त्याने त्यांचा ताफाच उभा केला होता. म्हातारे वडील, पुंजाराम, खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "भागवत, तुही पलटण निघायची कधी लढाईला?"

सिराजोद्दीनचं हायवेला बॅटरीचं दुकान होतं, मागे घर. त्याने फडक्यात गुंडाळलेली गाडी पुढे केली. फौजी हिरव्या रंगाची ॲम्ब्युलन्स. पांढऱ्या गोलात लाल फुली, मागे दोन झडपांचं इवलंसं दार. असली गाडी भागवतने फक्त फोटोत पाहिली होती.

"हिची चावी?" त्याने विचारलं. गाडीच्या पोटात चावी भरायचं भोक होतं.

"चावी न्हाई. आमच्या घरात आली तवाबी नव्हती." सिराजोद्दीन खाली बघून बोलत होता. "लागत न्हाई तिला."

"काय देऊ मंग?"

"काय बी नको भाऊ. बस, घेऊन जावा... जल्दी."

दारात त्याची मुलगी फरहीन उभी होती. भागवत उंबरा ओलांडून बाहेर पडला, तशी तिने मागून कडी लावली. बाप अजून बाहेरच होता, तरी लावली.

भागवतला त्या वेळी आनंदापुढे काही सुचत नव्हतं. त्याने गाडी कपाटात ताफ्याच्या शेवटी ठेवली आणि कुलूप घातलं.

दोन-चार दिवसांनी तो दुपारचा जेवायला घरी आला आणि कपाटासमोर थबकला. सगळ्या गाड्या कडेला सरकल्या होत्या. रणगाडे एका काचेला, ट्रक दुसऱ्या काचेला टेकलेले. मधे सरळ मोकळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकटी ॲम्ब्युलन्स. तिचं तोंड वडिलांच्या खाटेकडे होतं.

"सुरेखा, कपाट उघडलं होतं का?"

"मी कशाला उघडू?" बायको आतून म्हणाली. "किल्ली तर तुमच्याच खिशात असती."

त्याने गाड्या पुन्हा रांगेत लावल्या. कपाट हललं असेल, मालगाडी गेली की घर थरथरतं, अशी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात ऊन नुसतं भाजत होतं. भरदुपारी लाईट गेली, पंखा थांबला. भागवत आतल्या खोलीत आडवा झाला होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं. त्या शांततेत आवाज आला... किर्र... किर्र... कुणीतरी सावकाश चावी भरत असावं तसा. मग फरशीवरून पत्र्याची चाकं गेली. पाठोपाठ वास आला. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी दंडाला लावतात, त्या स्पिरिटचा.

तो उठून बैठकीत आला. वडील भिंतीकडे तोंड करून निजले होते. हाक मारली, हलवलं. अंग अजून कोमट होतं, श्वास नव्हता.

ॲम्ब्युलन्स खाटेखाली होती. कपाटाचं कुलूप तसंच. त्याने गाडी उचलली आणि हात खाली गेला. टीचभर पत्र्याची गाडी, पण भरल्या घागरीसारखी जड लागली. कशीबशी त्याने ती कपाटात परत ठेवली.

तेरावं झालं. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि दुसऱ्याच दुपारी कपाटात पुन्हा रस्ता पडलेला दिसला. या वेळी ॲम्ब्युलन्सचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. आत सुरेखा भाकरी थापत होती. शेजारी त्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं.

त्याने सिराजोद्दीनला फोन लावला. तो काही बोलायच्या आतच तिकडून प्रश्न आला, "कोण गेलं, भाऊ?"

"वडील," भागवत म्हणाला.

"माझी अम्मी गेली. मंग भाई. मंग फरहीनची माय..." सिराजोद्दीन रडत होता. "एक लेक राह्यली व्हती. तिच्याकडं तोंड केलं त्या गाडीनं. मी काय करू?"

"परत घ्या."

फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

अंबडचा नागसेन, असाच गाड्यांचा वेडा, किती दिवसांपासून ती ॲम्ब्युलन्स मागत होता. भागवतने त्याचा नंबर काढला. घंटी वाजली. पलीकडून नागसेनच्या आधी तान्ह्या लेकराचं रडणं ऐकू आलं. भागवतने न बोलता फोन ठेवला.

मग गाडी फडक्यात बांधून तो मोटारसायकलवर गावाबाहेरच्या जुन्या खदानीवर गेला. खदानीत हिरवं, खोल पाणी होतं. गाडी दगडासारखी बुडाली. बुडबुडे थांबेपर्यंत तो बघत उभा राहिला, आणि मगच परत फिरला. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

परतूर जवळ आलं आणि पुढचा ट्रॅक्टर एकाएकी रस्त्याच्या कडेला गेला. त्याच्या पुढची एसटी गेली. समोरून येणारी पिकअप मातीत उतरून थांबली. मधला रस्ता रिकामा पडला. भागवतचाही हात आपोआप वळला. त्याच्या अंगावरून गरम वारा गावाच्या दिशेनं गेला.

त्याने ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "का थांबले?"

"ॲम्ब्युलन्सला वाट दिली की. सायरन न्हाई का ऐकू आला?"

"गाडी कुठंय पण?"

"गाडी मला बी न्हाई दिसली..." तो गोंधळून रस्त्याकडे बघू लागला. "पण सायरन अजून वाजून राह्यला ना. ऐका की."

भागवतने कान दिले. ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. बाकी काही नव्हतं.

त्याने सुरेखाला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"अहो, कुठं हाय तुम्ही? मोठ्यानं बोला, काईच ऐकू येईना. दारात सायरन वाजून राह्यला..."

"सुरेखा, बाहेर जाऊ नको!"

"काय म्हन्ले? लई जोरात वाजून राह्यला हो... बंदच होईना..."

भागवतने फोन कानाशी गच्च दाबला. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. त्यांच्यामागे घर अगदी शांत होतं.