ड्रमाला कुलूप का?

“आवं गोदावरीबाई, माझी पोर चोर न्हाई!”

विट्याच्या राहीबाई पहिली एसटी धरून साताऱ्यात आल्या होत्या. खासगी तपास करणाऱ्या गोदावरीबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं. त्यांचे सहकारी, निवृत्त सुभेदार जयराज, वही उघडून बसले. माणूस सोन्यासारखा, डोकं मात्र बैलगाडीच्या चालीनं चालायचं.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात तक्त्यांची स्पर्धा होती. खेड्यातल्या मुलांना इंग्रजी ‘अंडर’ हा शब्द शिकवायचा, एका चित्रातून. पहिला आलेला तक्ता, काढणाऱ्याच्या नावासकट, शाळाशाळांत लागणार होता. पण दोन तक्ते हुबेहूब निघाले. एक राहीबाईंच्या प्रांजलचा, दुसरा दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुकुलचा. मग काय, बोट प्रांजलकडंच! आज स्पर्धेतून तिचं नाव कापलं जाणार होतं.

दुपारी सांगलीच्या कॉलेजात, स्पर्धा घेणाऱ्या गोपाळकृष्ण सरांनी दोन्ही तक्ते त्यांच्यापुढं मांडले. हात धुणारा माणूस, हाताखाली टब, मागं कुलूप लावलेला निळा ड्रम. खाली वाक्य: ‘द टब इज अंडर द हँड्स.’

“दोघं लायब्ररीत एकाच टेबलावर बसून काढत होते,” सर म्हणाले.

“मुकुलचं लय देखणं हाय. ह्योच खरा,” जयराजांनी निकालही लावून टाकला.

गोदावरीबाईंनी मुकुलला विचारलं, “टबातल्या पाण्याचं काय करतात?”

“झाडांना घालतात, मॅडम. पाणी वाचवा, हा संदेशही आहे.”

“मग ड्रमात काय?”

“तेच पाणी. साठवलेलं.”

“आणि कुलूप?”

“ते... कुणी चोरू नये म्हणून.”

“व्हय, बरोबर हाय,” जयराज म्हणाले.

मग प्रांजल आली. डोळे सुजलेले, मान मात्र ताठ.

“वडील काय करतात?”

“कोइमतूरला गलाईचं दुकान हाय. सोनं गाळत्यात.”

“तिथं हात कुठं धुतात?”

“टबात. मोरीत कवाच न्हाई.”

गोदावरीबाई हसल्या. “झालं, सर. झाडांना घालायचं वापरलेलं पाणी कुलपात कोण ठेवतं हो? गलाईवाला ठेवतो! त्याच्या हाताला सोन्याचे कण असतात. म्हणून टबातलं पाणी ड्रमात, ड्रमाला कुलूप. तळाचा गाळ पुन्हा गाळला की सोनं निघतं. मुकुलनं कुलूप बघून काढलं, पण ते कशाला असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.”

मुकुलची मान खाली गेली. “चुकलो, सर. मी तिचंच बघून काढलं.”

“च्यायला, मी तर निकाल देऊन बसलो हुतो!” जयराजांनी कपाळावर हात मारला.

“तक्त्याखाली काय छापू, प्रांजल?” सरांनी ओशाळून विचारलं.

“माझं नाव. आन् त्याच्याखाली, विट्याच्या गलाईवाल्याची मुलगी.”

राहीबाईंनी तिथूनच कोइमतूरला फोन लावला. “आवं, तुमचा टब आता शाळाशाळांत लागणार!”

 पलीकडून प्रांजलच्या वडिलांचा प्रश्न आला, “ड्रमाचं कुलूप दावलंय न्हवं पोरीनं?”

“दावलंय तर! त्यानंच जिंकली की आपली पोर!”