पूर्वेच्या अंगाची कारवी

ट्रेमधली रोपं जेमतेम बोटभर उंचीची होती आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर एकेक निळं फूल होतं. दुसऱ्या कुणी पाहिली असती तर कौतुकाने फोटो काढला असता. केतकी ढोबळेने पाहिली आणि ट्रेवरची पेरणीची तारीख पुन्हा वाचली.

"टेकडीवरचं बी पेरून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत," इरफान मुजावर म्हणाला. "ही फुलं तेरा वर्षांनी यायची."

कानवड शहराच्या निसर्ग प्रयोगशाळेत ती दोघं एकाच खोलीत बसत. केतकी टेकड्या आणि गवताळ माळ सांभाळणारी शास्त्रज्ञ, इरफान वनस्पतींच्या जनुकांमध्ये डोकं घालून बसणारा. कारवी सगळ्या सह्याद्रीत आहे आणि ती सात वर्षांनी फुलते, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण शहरालगतच्या धामणटेकडीवरची जात निराळी. ती बारा वर्षं काटक्यांचं रान म्हणून उभी राहते, तेराव्या पावसाळ्यानंतर सगळी टेकडी निळी करते, बी टाकते आणि मरते. जगात ती दुसरीकडे कुठेही नाही. ती वर्षं कशी मोजते, हे इरफानने शोधून काढलं होतं. दर पावसाळ्याच्या शेवटी तिच्या पेशी फुलोऱ्याच्या जनुकावर एक रासायनिक गाठ मारतात. तिला त्याने ऋतुगाठ असं नाव दिलं. तेरा गाठी भरल्या की फुलोरा. राहिलेल्या गाठी एका दमात मारणारा ऋतुद्राव मात्र दोघांनी मिळून तयार केला होता, आणि तो टेकडीवर फवारायचा हट्ट एकट्या केतकीचा होता.

हट्टाला कारण होतं. गेल्या वर्षी नगरपालिकेने टेकडीच्या सुधारणेचा आराखडा आणला. रंगीत कारंजी, आकाशपाळणा, खाण्याच्या गाड्यांसाठी फरसबंदी असा सगळा थाट. टेकडी अशी सुधारायची की आहे तशी राखायची, यावर नागरिकांचं मतदान होणार होतं, तेही भाद्रपदातल्या टेकडीच्या जत्रेनंतर लगेच. कारवीच्या फुलायला अजून पाच वर्षं होती. काटक्यांच्या रानाला कोण मत देणार? टेकडी मंडळाची माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी वर जाऊन गाजरगवत उपटत होती, चर खणत होती, वणव्याच्या दिवसांत पहारा देत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत तिथे फरशी पडणार, हे केतकीला सहन होत नव्हतं.

इरफानने तेव्हाच तिला अडवलं होतं. झाड फुलवता येईल, पण त्याच्या बियांचं पुढे काय होतं ते पाहायला एक पावसाळा हवा, असं त्याचं म्हणणं. मतदान पावसाळाभर थांबणार नव्हतं. शेवटी तडजोड झाली. टेकडीचं पूर्वेचं अंग फवारायचं नाही. काही बिनसलंच, तर तिथली कारवी आपल्या चालीने मोजत राहील आणि तिच्या बियांतून टेकडी पुन्हा भरता येईल.

"मंडळाला मात्र खरं कारण सांग," तो म्हणाला होता.

केतकीने सांगितलं नाही. शास्त्रज्ञबाईंनाच खात्री नाही, ही गोष्ट आराखडेवाल्यांच्या कानावर गेली असती तर त्यांनी तिचं भांडवल केलं असतं. म्हणून मंडळाच्या सभेत तिने सरळ ठोकून दिलं, की औषध कमी पडतंय, पूर्वेचं अंग राहू द्या. माणसं बिचारी हळहळली आणि कामाला लागली. मोठे उतार उडत्या फवारयानांनी उरकले, कपारी मंडळाने पाठीवर पंप घेऊन हाताने भिजवल्या.

मग जत्रेला टेकडी निळी झाली. ढोलताशे थांबवून लोक नुसते बघत उभे राहिले होते. मतदानात आराखडा साफ आपटला. केतकीला लोकांनी डोक्यावर घेतलं आणि ती हरखली. त्या आनंदात खोट्याचं ओझं तिला फारसं जाणवलं नाही, हेही खरं.

"बीमध्ये या गाठी सुटायला हव्यात ना?" आता ट्रेकडे पाहत तिने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"सुटतात. त्यासाठी झाड एक विकर तयार करतं, मोचक विकर म्हण. ते बियांत उतरतं, सगळ्या गाठी सोडवतं आणि नवं रोप शून्यापासून मोजायला लागतं." इरफानने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फक्त ते तयार होतं शेवटच्या दोन-तीन पावसाळ्यांत. आपण नेमकी तीच वर्षं गाळली."

"म्हणजे ही रोपं..."

"जन्मतःच तेरा वर्षांची. उगवतात, फुलतात, मरतात. दाणा भरायला अंगात ताकद नाही. सगळी बोंडं फोडून पाहिली मी, पोकळ आहेत."

टेकडीवर गेल्या वर्षीची झाडं वाळून गेली होती आणि त्यांच्या पायाशी हीच म्हातारी बाळं लाखोंनी उगवत होती. फक्त पूर्वेच्या अंगावर जुनी कारवी शाबूत होती. तिला अजून चार वर्षं द्यायची, मग तिचं बी टेकडीभर पसरायचं, एवढाच मार्ग उरला होता. इरफान म्हणाला, तिथे आजच्या आज ‘या कारवीला हात लावू नका’ असा फलक लाव आणि मंडळाला बोलावून सगळं सांग. केतकी हो म्हणाली.

तिने फलक लावला नाही. लावला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे गेल्या वर्षीचं खोटं कबूल करायचं. पुढच्या रविवारी बोलू, असं म्हणत तिने आषाढ घालवला, श्रावणही घालवला. श्रमदानाला जाणंही तिने सोडलं. मंडळाचे प्रमोदकाका लोणकर फोन करायचे, तर ती कामाची सबब सांगायची. त्या माणसांसमोर उभं राहायची तिला लाज वाटत होती. गावभर मात्र आनंदीआनंद होता. टेकडीवर बोटभर रोपांचा निळा गालिचा पसरला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी कारवी फुलवल्याबद्दल जत्रेत डॉ. ढोबळेंचा सत्कार व्हायचा होता. इरफान तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागला होता.

जत्रेच्या सकाळी तिने मनाशी ठरवलं, सत्काराआधी प्रमोदकाकांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. पूर्वेचं अंग शाबूत आहे तोवर कबुलीला काही अर्थ होता. निदान नुकसानीसोबत उपायही सांगता आला असता.

प्रमोदकाका पायथ्याशीच वाट बघत होते. शहर बसवर हयात काढलेला माणूस, निवृत्तीनंतर टेकडीचाच झालेला. तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आधी वर चला. तुम्हाला दाखवायचंय एक. महिनाभर तोंड दाबून बसलोय सगळे."

त्यांनी तिला मधल्या वाटेने नेलं नाही. घरकुल वसाहतीवरून पूर्वेच्या अंगाला जाणारी पायवाट धरली. वळण संपलं आणि पूर्वेचं अंग समोर आलं. ते निळं होतं. बोटभर रोपांचं नव्हे, पुरुषभर उंच जुन्या कारवीचं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत फुललेलं. मधमाश्यांचा आवाज घुमत होता. वसाहतीतल्या बायका नव्या साड्या नेसून, हातात ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या.

"गेल्या वर्षी सगळ्या टेकडीला फुलं आणि यांच्याच दारापुढं काटक्या," प्रमोदकाका सांगत होते. "पंगतीत एक ओळ वाढायची राहिल्यासारखं वाटत होतं हो. तुम्ही म्हणालात ना, औषध कमी पडतंय? तेव्हाच आम्ही पंपवाल्यांनी ठरवलं. कपारींना थेंब थेंब जपून मारलं आणि दोन कॅन मागं ठेवले. यंदा आषाढात ते या अंगाला मारले. तुम्ही येत नव्हता म्हणून बरं, नाहीतर गंमत गेली असती."

केतकी फुलांकडे पाहत राहिली. मारलेली गाठ माणसाला सोडवता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? या झाडांनीही मोचक विकर तयार केलं नव्हतं. त्यांचं बी पुढच्या पावसाळ्यात उगवेल, बोटभर होऊन फुलेल आणि तिथून पुढे जगात ही कारवी नसेल. आषाढात तिने इथे एक फलक लावला असता तर हे दोन कॅन मंडळाच्या खोलीतच पडून राहिले असते. आणि मुळात ती खोटं बोलली नसती, तर कुणी थेंब थेंब वाचवलाही नसता.

ठरवलेली वाक्यं तिच्या ओठांवर होती. प्रमोदकाकांच्या चेहऱ्याकडे पाहून ती तिथेच अडली. आता खरं सांगायचं म्हणजे या माणसाला सांगायचं, की टेकडीवरची शेवटची कारवी तुमच्या हातांनी गेली. तिचं मन हलकं झालं असतं आणि ते ओझं त्यांच्या पाठीवर गेलं असतं.

"बरोबर झालं ना, मॅडम?"

"तुम्ही बरोबरच केलंत," ती म्हणाली. "काका, एक मागते. पुढेमागे कुणी विचारलं, की धामणटेकडीच्या कारवीचं हे कुणी केलं, तर माझं नाव सांगायचं. दुसऱ्या कुणाचं नाही. मंडळाचं नाही, तुमचंही नाही."

प्रमोदकाका हसले. "हे काय सांगायला पाहिजे का? पोराबाळांना, नातवंडांना, सगळ्यांना तुमचंच नाव सांगणार आम्ही." मग त्यांनी बायकांना हाताने पुढे बोलावलं आणि पहिलीने केतकीच्या कपाळाला कुंकू लावलं.