डाव्या कानाची तार

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला जवळा बाजारच्या बसथांब्यामागच्या गेम पार्लरमधून किंकाळी आली. शेजारच्या कापडदुकानात पुनमचंदशेठच्या हातातलं ठाण सुटलं आणि उलगडत दारापर्यंत गेलं.

शेठ धावले. पार्लरचा मालक सोमेश्वर गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडला होता. हेडफोन बाजूला फेकलेला. डाव्या कानातून रक्त येत होतं. "आवाज बंद करा! आवाज बंद करा!" असं तो ओरडत होता, आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता.

दुपारी नांदेडच्या दवाखान्यातून निरोप आला. डावा कान कायमचा गेला. उजवा ठणठणीत आहे.

तोवर चौकीत संशयित येऊन बसलाही होता. देविदास राठोड, वय एकवीस, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. आदल्या संध्याकाळी गेमच्या स्पर्धेत सोमेश्वरने त्याला बाद केलं होतं, वर "तांड्यावरचं येडं" म्हणाला होता. देविदास भर गर्दीत ओरडला होता, "तुझे कान फाडीन." रात्र उलटली आणि कान फाटला. फौजदारांना आणखी काय हवं होतं?

देविदासला मात्र पुष्कळ काही हवं होतं. सोमवारी सकाळी सहाला हिंगोलीच्या मैदानावर पोलीस भरतीची धावणी होती. दोन वर्षं तो त्यासाठी पळत होता. रविवारी संध्याकाळी फौजदार त्याच्या नावाने कागद करणार होते. एकदा गुन्ह्यात नाव चढलं की भरती गेली ती गेलीच.

"दोन दिवस आहेत, पोले," फौजदार म्हणाले. "दुसरा कोणी सापडला तर सांगा."

जमादार सटवाजी पोले निवृत्तीला आलेला माणूस. संगणकाला तो 'पेटी' म्हणे. पण टेबलाखाली वाकायची त्याला लाज नव्हती, आणि अर्ध्या तपासात तेवढंच लागतं.

टेबलाखाली त्याला सोमेश्वरचा जुना अँप्लिफायर सापडला. पार्लरच्या आधी सोमेश्वर लग्नात लाऊडस्पीकर लावायचा, तेव्हाचा. आवाजाची कळ शेवटापर्यंत फिरवलेली. हेडफोनची तार मधेच सोलून त्या धुडाला जोडली होती. गल्ली दणाणून सोडणारं यंत्र एका माणसाच्या कानावर सोडलेलं. सोल्डरचे डाग सफाईने दिलेले, वर काळी चिकटपट्टी.

सटवाजीने पट्टी सोडवली आणि तो थबकला. हेडफोनला दोन तारा, डाव्या कानाची एक, उजव्याची एक. अँप्लिफायरला फक्त डावी जोडली होती. उजवी सोलून, वेगळी करून, जशीच्या तशी परत नीट जोडून ठेवलेली. वैऱ्याचा एक कान कोणी इतक्या निगुतीने वाचवून ठेवतं का?

पार्लरमध्ये शिला होती. देविदासची धाकटी बहीण, वय एकोणीस. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेली आणि वर्षभर इथे ऑपरेटर.

"हा हेडफोन कोण लावतं?"

"मालकच. दुसऱ्या कोणाला हात लावू देत न्हाईत. रोज दहाला येतात, सगळ्या मशिनींचा मोठा खटका दाबतात, कानाला लावतात अन आवाज तपासतात."

"गुरुवारी हे जोडायला टाईम कोणाला होता?"

"सात ते आठ मालक जेवायला गेले होते. मी झाडझूड करत होते. भिया, माझा भाऊ, मागं बाकावर रागानं बसला होता. शेठ भांडायला आले होते, ते वाट पाहत थांबले." ती थांबली. "भियानं न्हाई केलं, साहेब. माझ्या गळ्याची आण."

तिचं म्हणणं सटवाजीला पटत होतं. इतक्या खात्रीने ती ते कसं म्हणते, हे मात्र कळत नव्हतं.

"हे चार भोंगे कशाला?" त्याने चार कोपऱ्यांतल्या छोट्या स्पीकरांकडे बोट केलं.

हे चार स्पीकर म्हणजे सोमेश्वरचा अभिमान. हैदराबादहून खास कार्ड आणलेलं. गेममधला शत्रू मागून आला की पावलंही मागूनच वाजायची. नवखं गिऱ्हाईक हमखास दचकून मान वळवायचं, आणि सोमेश्वर खो खो हसायचा. लोकांना दचकवणं हा त्याचा जुना शौक.

"दाखव मला," म्हणत सटवाजी खुर्चीत बसला. शिला उजवीकडे उभी होती. ती खुर्चीला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला आली आणि तिथून बटणं सांगू लागली.

"हे दाबा. गोदामाचा सीन येतो. आता बघा, पयले डाव्या अंगानं मागून दार करकरतं. मग उजव्या अंगानं मागून बुटाची पावलं येतात. हरेक नव्या गिऱ्हाइकाला हाच सीन दाखवते मी."

दार करकरलं. सटवाजीने मान वळवली. पावलं वाजली. त्याने दुसरीकडे वळवली.

"अजब हाय. कसं कळतं माणसाला?"

"दोन कान असतात म्हणून, साहेब. एकावर दिशा कळत न्हाई."

सटवाजीला गावाकडचा भाऊराव जागल्या आठवला. ज्वारीच्या उभ्या पिकात रानडुक्कर दिसत नाही, कानानेच हेरावं लागतं. भाऊरावचा एक कान गेलेला. डुक्कर पूर्वेला खसपसलं की तो काठी घेऊन पश्चिमेला धावायचा, आणि गाव हसायचं.

शनिवारी त्याने पुनमचंदशेठला गाठलं.

"शेठ, रेडिओचा कोर्स केला म्हणं तुमी?"

"पोस्टानं केला, तरुणपणी. अजूनबी घरचा रेडिओ मीच खोलतो. काहून?"

"सोमेश्वरशी काय तकलीफ होती?"

"भिंत थरथरते हो! दिवसभर ढिशूम ढिशूम. फळीवरचे ठाण खाली येतात. म्हणलो होतो त्याला, एक दिवस तुलाच ऐकू येणं बंद होईल. पण जमादार, तोंडानं म्हणणं येगळं अन हातानं करणं येगळं."

मग देविदास.

"डाग देता येतो?"

"न्हाई."

"बहिणीनं शिकवलं असंल."

देविदासने गजाचा गंज नखाने खरवडला.

"गुरुवारी टेबलाखाली कोणाला जाताना पाहिलं?"

"न्हाई पाहिलं." नजर फरशीवर.

"सोमवारची भरती बुडंल, लेकरा."

"बुडू द्या."

सटवाजीला पटेना. दोन वर्षं ज्याच्यासाठी छाती फोडून पळाला, ते 'बुडू द्या'? दुपारी शिला भाकरी घेऊन आली. दोघं गजांपाशी बंजारीत कुजबुजले. देविदासने तिचं मनगट घट्ट धरलं आणि ती मान हलवेपर्यंत सोडलं नाही.

रविवारी दुपारी बाराला सटवाजीने तिघांनाही पार्लरमध्ये बोलावलं. फौजदारही आले, घड्याळाकडे बघत. त्याआधी सटवाजी टेबलामागे शिरला होता. तिथल्या तारा त्याने चाचपल्या आणि गुडघे झटकत उठला.

"एकेकानं आत यायचं. डोळ्याला टॉवेल बांधायचा. आवाज ज्या बाजूनं येईल तिकडं हात करायचा. बस्स."

"हे काय पोरखेळ लावलेत?" फौजदार पुटपुटले.

पहिले शेठ. सटवाजीने गोदामाचा सीन लावला. दार करकरलं, शेठनी हात केला. पावलं वाजली; शेठनी दुसरा हात केला. सटवाजीने कागदावर टिपून घेतलं.

मग देविदास. दार करकरलं आणि तो चमकला. कपाळाला आठ्या पडल्या. हात अर्धा उठला, थांबला, मग हळूच उठला. पावलांनाही तसंच. टॉवेल सोडताना त्याचा चेहरा उतरला होता. तो दाराकडे निघाला, पण सटवाजीने त्याला आतच बाकावर बसवलं.

शेवटी शिला. दार करकरलं. तिने झटक्यात डावा हात मागे केला. पावलं वाजली. झटक्यात उजवा. जराही अडखळली नाही.

"झालं," सटवाजी म्हणाला. त्याने शेठनाही आत घेतलं आणि दार लोटलं.

"कोण चुकलं?" फौजदारांनी विचारलं.

"चुकलं कोणीच न्हाई, साहेब. तीच गोम हाय. मागच्या दोन भोंग्यांच्या तारा मी सकाळी उलटसुलट केल्या. आता दार वाजतं उजव्या अंगाला, पावलं डाव्या अंगाला. शेठनी हा सीन कधी पाहिला न्हाई. ऐकू आलं तिकडं हात केला. देविदासला सीन पाठ हाय. म्हणून तो अडखळला. पण शेवटी त्यानं कानाचं ऐकलं. फक्त शिलानं गेमात जसं असायला पायजे तसं दाखवलं. कारण तिला बाजू ऐकूच येत न्हाई. तिनं पाठ केलेलं सांगितलं."

फौजदारांनी घड्याळावरून नजर काढली.

"ज्यानं हे केलं त्याला सोमेश्वरचे दोन्ही कान सहज घेता आले असते. उजवी तार नीट परत जोडून ठेवली, म्हणजे त्याला एकच कान पायजे होता. डावाच. कोणाच्या तरी डाव्या कानाचा हा बदला होता. डाग देणारे हात दोघांचे, शेठचे अन शिलाचे. पण मला बटनं दाखवताना ही पोरगी मुद्दाम वळसा घालून आली अन उजवा कान माझ्याकडं करून उभी राहिली. अन एकावर दिशा कळत न्हाई, हे तीच मला सांगून गेली. दोन कानवाल्याला हे सुचत न्हाई." तो देविदासकडे वळला. "तू तिला टेबलाखाली पाहिलंस. म्हणूनच 'बुडू द्या' म्हणालास."

"खोटं हाय!" देविदास उठला. "साहेब, म्याच केलं. लिहा माझं नाव."

"बस, भिया," शिला म्हणाली. "व्हय. मी केलं."

तिचा आवाज जराही कापला नाही.

"नऊ वर्षाची होते. पुसेगावकडं मामाच्या तांड्यावर लगीन होतं. मंडपाच्या खांबाला टेकून झोपले होते मी. ह्या मालकानं भोंगा उचलून माझ्या ह्या डाव्या कानाला लावला, कळ पूर्ण फिरवली अन गाणं सोडलं. मी कशी उडते ते बघायला. मी रगताच्या कानानं लोळत होते अन हा हसत होता. याडीनं, माझ्या आईनं, मला पदराखाली घातलं अन गप केलं. पोरीचा कान गेला हे कळलं तर लगीन कोण करंल? दहा वर्षं आमच्या घरानं हे झाकलं. मला दवाखाना दाखवला न्हाई, कारण दवाखान्यात माणसं बघतात."

"मग त्याच्याकडंच कामाला काहून आलीस?" फौजदारांनी विचारलं. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

"बघायला, मला ओळखतो का. वर्षभर रोज डाव्या बाजूनं हाक मारायचा. मी ओ दिली न्हाई की सगळ्यांम्होरं म्हणायचा, 'झोपली काय गं?' अन हसायचा. तेच हसणं, साहेब." तिने दात आवळले. "मी उगं जास्तीचं काही घेतलं न्हाई. जेवढं माझं गेलं तेवढंच त्याचं नेलं. भियाला अडकवतील हे डोक्यातच न्हाई आलं. त्यानं शपथ घातली, तू बोललीस तर मी भरतीला जाणार न्हाई. तरी आज सांजेला चौकीत येणारच होते मी."

फौजदारांनी खिशातला कोरा कागद काढला, बघितला आणि परत ठेवला. "देविदास, तू मोकळा आहेस."

तो हलेना. शिलाने त्याला बंजारीत काहीतरी सांगितलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "सकाळी पळायचं. याडीला एकाचं तरी चांगलं दिसू दे." तो रडत होता. तिचे डोळे कोरडे होते.

"साहेब, एक काम करा. मालकाला फोन लावा. कोणी केलं अन काहून केलं ते सांगा. त्याला कळायलाच पायजे."

सटवाजी शेठच्या दुकानात गेला आणि नांदेडचा नंबर लावला. दवाखान्यातल्या शिपायाने सोमेश्वरला फोनपर्यंत आणलं. सटवाजी बोलला, मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून शिला त्याच्या ओठांकडे एकटक बघत होती.

तो परत आला.

"काय म्हणाला?"

खोटं बोलावं असं सटवाजीला फार वाटलं. पण ही पोरगी आता तुरुंगात जाणार होती, आणि तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"त्याला आठवत न्हाई, बाई. शेकडो लग्नं वाजवली म्हणतो. कोणती पोरगी, असं मलाच विचारून राहिला."

शिलाचा चेहरा आवळत गेला. मग तिने टेबलाखालच्या त्या धुडाकडे पाहिलं.

"मग चुकलंच माझं," ती म्हणाली. "दोन्ही तारा जोडायला पायजे होत्या."